सांध्यापलीकडचा आवाज

विमान बेपत्ता झालं होतं आणि त्यातले प्रवासी घरच्यांशी फोनवर निवांत गप्पा मारत होते.

सुरुवातीला लोकांनी चांगलाच धसका घेतला. धडाधड तिकिटं रद्द झाली, वाहिन्यांवर तज्ज्ञ एकमेकांवर तुटून पडले. मग एका आईने कॅमेऱ्यासमोर फोन धरला. “आई, सगळं ठीक आहे, उतरायलाच आलोय,” असं तिचा मुलगा म्हणाला आणि वारं फिरलं. विमानतळाबाहेर फलक झळकले, ‘बेपत्ता म्हणू नका!’ आता तर सांधा नसलेल्या विमानात बसायला कुणी तयार होईना.

सांधा ही डॉ. शार्दूल नाफडे यांची करामत. समुद्रावर विमानाचा संपर्क क्षणभर तुटतो, शब्द गळतात. प्रवाशाची बोलण्याची ढब आधीच शिकलेलं यंत्र ते शब्द त्याच्याच आवाजात भरून काढतं, रफू केल्यासारखं. संपर्क परत आला की ते बाजूला होतं. या वेळी संपर्क परत आलाच नाही आणि यंत्र बोलत राहिलं.

नातेवाइकांना विमानतळाजवळच्या हॉटेलात ठेवलं होतं. तिथे नाफडे विभावरी केळुसकरसमोर येऊन बसले. तिचा नवरा जयवंत त्या विमानात होता. तिने फोन मांडीवर पालथा ठेवला.

“ताई, ही संभाषणं आम्ही साठवत नाही, यंत्र कधी बोलू लागलं याचीही नोंद राहत नाही. खरा आवाज कुठे थांबला, ते फक्त तुम्हीच सांगू शकता. ती वेळ कळली की विमान तेव्हा कुठे होतं ते कळेल. तराफ्यांवर कुणी जिवंत असेल, तर त्यांच्याजवळचं पाणी आज संपेल.”

“आणि सांगितलं की?”

“सांधा बंद करावा लागेल. पलीकडे माणूस नाही हे ठरलं की तो बंद करायचा, असा नियमच आहे.”

“बाकीचे काय म्हणतात?”

“आत्ताचा आवाजही खराच आहे म्हणतात. ‘उतरायला आलोय’ म्हणतोय ना तो! म्हणून जहाजं पार तिकडे, उतरायच्या जागेपाशी शोधताहेत.” नाफडे पुढे सरकले. “यंत्र कुणाचं बोलणं मधेच तोडत नाही, समोरचा थांबला की मगच बोलतं. एवढाच काय तो फरक. तो कुणाच्या लक्षात येणार?”

विभावरीच्या लक्षात आला. लग्न झाल्यापासून जयवंतने तिचं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नव्हतं. ‘मुद्द्याचं बोल’ हे त्याचं पालुपद. विमान निघालं त्या दिवशीही फोनवर ती बहिणीच्या दुखण्याविषयी सांगत असताना त्याने दोनदा तोडलं होतं. मग एकदम तिचं बोलणं सलग वाहू लागलं. पोटातच गेलेल्या लेकीविषयीसुद्धा ती बोलली. तो विषय त्याने घरात कधी काढूच दिला नव्हता. या वेळी त्याने सगळं ऐकून घेतलं आणि ती पोटभर रडली.

तराफ्यावर कुठेतरी तो असेल, तहानेने कासावीस. तिला त्याची भयंकर दया आली. परत आल्यावर तो पहिलं वाक्य कोणतं बोलेल, हेही तिला ठाऊक होतं.

तिने हॉलभर नजर फिरवली. प्रत्येकाच्या कानाला फोन होता आणि भांडत कुणीच नव्हतं.

“ताई?”

“नाही हो,” विभावरी म्हणाली, “हे अगदी पहिल्यासारखेच बोलताहेत.”

नाफडे उठून पुढच्या टेबलाकडे गेले. तिने फोन कानाला लावला.

“सांग ना,” जयवंत म्हणाला, “मी ऐकतोय.”