चुना ओला आहे तोवर

"थोरल्या दारानं आलीस बाई, धाकल्या दारानं गेलीस,
चुना सुकला भिंतीवरचा, आता आमची न राहिलीस."

क्लेलिया आत्या लोकर कातता कातता हे गुणगुणायची, पाळणा म्हणावा तसं. दुसऱ्या ओळीपाशी आली की तिची चाती थांबायची आणि नजर भिंतीकडे जायची. आत्या जाऊन वर्षं लोटली. तिचा चेहरासुद्धा ऑर्नेल्लाला आता धड आठवत नसे, पण आवाज तसाच कानात होता. त्या गाण्यात भिण्यासारखं काही असेल, हे मात्र तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

मोंतेरोव्हो या डोंगरातल्या गावात जुन्या घरांना दोन दारं. थोरलं रस्त्याला लागून. धाकलं त्याच्या शेजारी, दीड पुरुष उंचीवर, अरुंद, खाली ना पायरी ना उंबरा. ते कायम दगडांनी चिणलेलं. घरातलं माणूस गेलं की तेवढ्यापुरते दगड काढायचे, शवपेटी तिथून खाली उतरवायची, आणि मंडळी दफन करून परतायच्या आत दार पुन्हा चिणायचं. गेलेल्याला परतीची वाट सापडू नये म्हणून. चाल केव्हाच मोडली होती. दारं तेवढी राहिली होती, मिटल्या डोळ्यांसारखी.

ऑलिव्हच्या तोडणीच्या दिवसांत ऑर्नेल्लाची आई इओले वरच्या मजल्यावर चुलीपाशी कोसळली. दवाखान्याची माणसं स्ट्रेचर घेऊन आली, पण खाली जायचा जिना गोगलगाईच्या पाठीसारखा वळणाचा. स्ट्रेचर त्यात वळेना. इओलेचे ओठ निळे पडत चालले होते. ऑर्नेल्लाचा नवरा तुल्लिओ गवंडी. त्यानं क्षणभर जिन्याकडे पाहिलं, मग भिंतीतल्या त्या चिणलेल्या दाराकडे, आणि हातोडी उचलली.

रस्त्यावरून शेजारची मफाल्दा ओरडली, "अरे मेल्या, जिवंत बाईला तिथनं काढतात का?"

"मग काय मरेपर्यंत थांबू?" दगड उपसता उपसता तुल्लिओ ओरडला. "सरक बाजूला म्हातारे, नाहीतर तुलाही काढीन इथनंच!"

इओलेला त्या दारातून खाली दिलं. उजेडात येताना तिनं मान वळवून घराकडे पाहिलं. ऑर्नेल्लाकडे पाहिलं. "चिमणे," असं काहीसं पुटपुटली. जन्मापासून ती लेकीला याच नावानं हाक मारायची.

उघडं दार बरं नव्हे म्हणून तुल्लिओनं तिन्हीसांजेच्या आत दगड रचून, चुना भरून ते बंद केलं.

इओले वाचली. थंडी पडता पडता घरी आली, तीसुद्धा वळणाचा जिना आपल्या पायांनी चढून. गल्लीतल्या बायका टाळ्या पिटत होत्या. मफाल्दा तेवढी थोरल्या दाराशी उभी राहून तिच्या चपलांकडे पाहत राहिली.

"काय गं, सासूबाई बऱ्या झालेल्या बघवत नाहीत का?" तुल्लिओनं डिवचलं.

"बघवतंय की," मफाल्दा म्हणाली. "म्हणून तर बघत्येय."

पहिल्या जेवणालाच इओलेनं पावाचा तुकडा तोडला, चावला आणि विचारलं, "यात मीठ घालायला विसरलात का?"

तुल्लिओ खो खो हसला. ऑर्नेल्लाला हसू आलं नाही. त्या डोंगरात पाव अळणीच असतो, पिढ्यान्‌पिढ्या अळणी. खारट पाव मागणारा परका, हे तान्ह्या पोरालाही कळतं. आणि आईनं तर उभ्या जन्मात दुसरा पाव खाल्ला नव्हता.

"औषधांनी तोंडाची चव गेली असेल," ती म्हणाली. स्वतःलाच म्हणाली.

नव्या भिंतीचा चुना सुकत नव्हता. उत्तरेचा कोरडा वारा सुटला. गल्लीतलं धुणं क्षणात कडक होई, दोरीवरची मक्याची कणसं खडखडत. त्या अरुंद दाराच्या आकाराची ओल मात्र भिंतीवर तशीच. बोट लावलं की बोटाला चुना. खोलीत नुकत्या खणलेल्या विहिरीसारखा वास.

"चुना वाईट होता का रे?"

"तीस वर्षं गवंडीकाम करतोय मी," तुल्लिओ चिडला. "त्याच पोत्यातल्या चुन्यानं कोंबड्यांचं खुराडं बांधलंय. ते वाजतंय बघ, घंटेसारखं." मग आवाज उतरला. "सुकेल. सुकेल तेव्हा सुकेल."

आई प्रेमळ होती. पूर्वीपेक्षा जास्तच. ऑर्नेल्लाचे केस विंचरी, शेगडीत निखारे सारी. पण ती तिला 'पोरी' म्हणे. 'चिमणे' कधीच नाही. ऑर्नेल्ला रोज वाट पाही. कधी मुद्दाम भांडं पाडी, कधी बोट भाजल्याचं ढोंग करी. आई धावत येई, फुंकर घाली, आणि म्हणे, "जप गं, पोरी."

एका सकाळी दोघी वाळलेल्या घेवड्याच्या शेंगा सोलत होत्या. ऑर्नेल्लाचं लक्ष आईच्या हातांकडे गेलं. उजव्या हाताची करंगळी. लहानपणी तेलघाण्याच्या दारात चेमटून ती वाकडी झाली होती, कोयत्यासारखी. त्या करंगळीत अडकवूनच ती लेकीला बाजारात न्यायची.

करंगळी सरळ होती.

ऑर्नेल्लानं पाटी खाली ठेवली, शाल घेतली आणि चढण चढून सान रोक्को या संताच्या देवळात गेली. मेणबत्ती लावायला, असं तिनं आईला सांगितलं. खरं तर तिला घराबाहेर पडायचं होतं.

देवळाची किल्ली मफाल्दाकडे असे. ती फरशी झाडत होती. उत्तरेच्या भिंतीवर ते जुनं चित्र होतं: एक अरुंद दार, आणि दारासमोर एक बाई, पाठमोरी, हात वर उचललेला. गावात तिला पाठमोरीच म्हणत. महामारीच्या वर्षी तापात निपचित पडलेल्या एका रंगाऱ्याच्या परमुलखातून आणलेल्या बायकोला घरच्यांनी मेली समजून धाकल्या दारानं बाहेर काढलं. संध्याकाळी ती चालत परत आली. तोवर दार चिणून झालं होतं. गेलेलं माणूस दार ठोठावतंय म्हणून कुणी उघडलं नाही. सकाळी बाहेर कुणी नव्हतं. गावातल्या लेकरालेकराला ही गोष्ट ठाऊक. जेवत नाही त्याला तिचाच धाक.

"बघ की," मफाल्दा केरसुणीवर रेलून म्हणाली. "ओलीनं रंग उडतो ना? हिचा खुलतोय. चार आठवड्यांपूर्वी हात धड दिसत नव्हता."

ऑर्नेल्ला जवळ गेली. भिंत घामेजलेली होती. पाठमोरीचा वर उचललेला हात आता स्पष्ट दिसत होता. चार बोटं सरळ.

करंगळी कोयत्यासारखी वाकडी.

"पोरी," मफाल्दा हळूच म्हणाली, "तुझ्या घरचा चुना सुकला का गं?"

ऑर्नेल्लानं मान हलवून नाही म्हटलं. मफाल्दानं तिच्या मुठीत मेणबत्ती कोंबली. "मग जा. अजून ओला असेल तर जा लौकर."

उतारावर दुपारचं धुकं चढत होतं. घरी पोचली तेव्हा तुल्लिओ कामावरून आला नव्हता. वर आई खिडकीपाशी शेंगा सोलत बसली होती, तशीच, त्याच जागी.

आणि चुना सुकत होता.

इतके आठवडे ओली राहिलेली भिंत कडांकडून पांढरी पडत चालली होती. ओलीचा डाग दारापेक्षा लहान झालेला. ऑर्नेल्लाच्या डोळ्यांदेखत तो आक्रसत होता, तव्यावरल्या पाण्यासारखा.

मग तिनं ऐकलं.

ठक.

भिंतीच्या पलीकडून. हळू. बोटांच्या पेरांनी.

पलीकडे रस्ता. पण या उंचीवर उभं राहायला पलीकडे काही नव्हतं. पायरी नाही, शिडी नाही. नुसतं धुकं.

ठक. ठक.

ऑर्नेल्लानं आईकडे पाहिलं. आईनं मान वर केली नाही. शेंगा फुटत होत्या, दाणे वाडग्यात पडत होते.

"चिमणे."

दगडांआडून आलेला आवाज. दमलेला, खोकल्यानं मोडलेला. "चिमणे, उघड गं. मी गार पडलेय."

ऑर्नेल्लानं भिंतीला तळवा लावला. ओल आता तळव्याएवढीच उरली होती, आणि त्या ओलीतून पलीकडची थरथर तिच्या हातात येत होती.

गेलेल्याला दार उघडू नये. आत्या सांगे, देऊळ सांगे, सारं गाव सांगे.

पण ती गेली कुठे होती? तिला तर जिवंत काढलं होतं.

तुल्लिओची हातोडी कोपऱ्यात होती. ऑर्नेल्लानं ती उचलली. दोन्ही हातांनी धरली. डाग आता अंगठ्याएवढा.

"चिमणे..."

खिडकीपाशी शेंगांचा आवाज थांबला.

"हातोडी ठेव खाली, पोरी." आवाज मऊ होता, मायेचा. बाईनं वाडगा बाजूला ठेवला, मांडीवरली टरफलं झटकली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या भिंतीकडे पाहिलं. "चुना सुकेपर्यंतच हाक पोचते. मग नुसतं पाठमोरं उभं राहायचं. कठीण नसतं, सवय होते."

भिंतीवरला शेवटचा डाग पांढरा झाला.

"माझ्यासाठी तरी कुणी उघडलं होतं?"