जेवणाच्या सुट्टीतलं वाचन

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो हेमंतदादा, माझा सख्खा मावसभाऊ, आजही पांढुर्ण्यात आहे. ज्यांना विश्वास बसत नसेल त्यांनी मनाला लावून घेऊ नये. त्याचा स्वतःचाही अजून पुरता बसलेला नाही.

साल १९८५. महिना मे. जागा, सौसरचं एक जुनं वाचनालय.

वेळ... दुपारची.

हो, दुपारची. भुतं रात्री येतात असं ज्यानं कोणी ठरवलं, त्यानं सौसरची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. रात्री निदान कुत्रं तरी असतं.

हेमंतचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी सौसरची, जयश्री. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. हेमंत तर इतका खूश होता की पांढुर्ण्याच्या दुकानात लोकांच्या सायकलींमध्ये फुकट हवा भरून देत होता. दुकान वडिलांचं होतं, म्हणून त्याला ते परवडत होतं.

बैठकीत पोहे झाले, चहा झाला. जयश्रीचे वडील विनायक गुरुजी, निवृत्त मास्तर, बशी खाली ठेवून म्हणाले, "बाकी सगळं ठीक. तुमच्या वडलांची तिथी कोणती?"

हेमंतचे वडील, मोतीरामकाका, टोपी नीट करत म्हणाले,

"तिथी नाई जी."

"म्हणजे, आहेत?"

"तेही नाई."

मग सगळं सांगावं लागलं.

रघुनाथराव, म्हणजे हेमंतचे आजोबा, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत सौसरलाच राहायचे. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं वाचनालयात जमायची. वाचता कोणालाच येत नव्हतं. रघुनाथराव समोरच्या खुर्चीत बसायचे, "तर मंडळी..." म्हणायचे आणि पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. रंगूनपासून कापसाच्या भावापर्यंत सगळं. मोबदला काही नव्हता. कोणी भाजी द्यायचं, कोणी नुसतं रामराम.

एका दुपारी ते वाचायला गेले आणि आले नाहीत.

वाचनालयाच्या भिंतीला सायकल टेकवलेली सापडली. ती बैलगाडीत टाकून घरी आणली. आजोबा काही आणता आले नाहीत. तेव्हा मोतीरामकाका सहा वर्षांचे होते. आजीनं पोराला आणि सायकलीला घेऊन पांढुर्ण्याचं माहेर गाठलं.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.

"साधू झाले असतील तर माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण दुसरं घर केलं असेल तर? उद्या तिकडचे वारस पंगतीला आले तर त्यांना कुठं बसवू मी? पत्ता लावा. मंग साखरपुडा करू."

दाराआडून जयश्री म्हणाली, "बाबा, काय तुमचं हे!"

पण गुरुजी म्हणजे गुरुजी.

म्हणून हेमंत वाचनालयात गेला. लढाईच्या काळातल्या पेपरांचे गठ्ठे मागच्या खोलीत होते. कुठं अपघाताची, पुराची, बेवारस माणसाची बातमी सापडते का, हे त्याला पाहायचं होतं. होणाऱ्या सासऱ्याला खूश करायला लोक मिठाई नेतात. हा मेलेला आजोबा शोधत होता.

वाचनालय सांभाळणारे मुकुंदभाऊ एक वाजता डोकावले.

"मी जेवून, जरा पडून, चारला येतो. बाहेरून कुलूप लावून राहिलो."

"कुलूप कायले?"

"पेपर चोरीले जातात न भाऊ."

"पण मी आत आहो न!"

"म्हणूनच," मुकुंदभाऊ म्हणाले आणि गेले.

कुलूप लागल्याचा आवाज आला. मग पंखा बंद पडला. लाईन गेली होती.

हेमंत गठ्ठे उलटत बसला. धूळ, घाम, रंगून...

आणि तेव्हा पुढच्या खोलीतून आवाज आला.

कोणीतरी पेपर वाचत होतं.

मोठ्यानं. सावकाश. एकेक शब्द सुटा करून.

हेमंतला आधी बरंच वाटलं. म्हणजे आपल्यासोबत आणखी एक जण कोंडला गेला. त्यानं कान दिला. बातमी त्याच दिवसाची होती, सकाळी त्यानं बसस्टँडवर वाचलेली. मग कापसाचा भाव झाला. आणि मग तो आवाज म्हणाला...

"तर मंडळी..."

हेमंतच्या हातातला गठ्ठा खाली पडला.

तो दारापर्यंत गेला. आवाज थांबला.

पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. चार रिकामी बाकं, त्यांच्यासमोर एक खुर्ची, खुर्चीवर त्या दिवसाचा पेपर. अर्धा दुमडलेला... जसा हातातून नुकताच ठेवावा.

त्याच्या अंगाजवळून काहीतरी गेलं. वहाणांची करकर. तंबाखूचा वास. करकर दरवाजाकडे गेली, कुलूप लागलेल्या दरवाजाशी पोचली... आणि बाहेरच्या पायऱ्या उतरून गेली.

दार हललंसुद्धा नाही.

हेमंत खुर्चीत बसला. शूर होता म्हणून नाही. दरवाजाकडे जायची छाती नव्हती म्हणून. खुर्ची गरम होती.

समोरचं बाक करकरलं. दुसरं करकरलं. दहा-बारा माणसं एकदम पुढं वाकली की होतो तसा आवाज.

मग अगदी जवळून, म्हाताऱ्या आवाजात...

"मंग?"

हेमंतनं उठायचा प्रयत्न केला. चारही बाकं एकेक वीत पुढं सरकली.

"मंग?" दुसरं कोणीतरी म्हणालं.

त्यानं पेपर उचलला. पहिली दिसली ती ओळ वाचली. बाकं थांबली.

नियम त्याला लगेच समजला. शाळेत त्याला एवढ्या लवकर कधीच काही समजलं नव्हतं. वाचलं की बाकं जागच्या जागी. थांबलं की एक वीत पुढं. वाचलेलंच पुन्हा वाचलं तर दोन वीत.

तो वाचत सुटला. राजकारण वाचलं, हवामान वाचलं, ट्रॅक्टरच्या जाहिराती वाचल्या. कापसाच्या भावाकडे नजर गेली तशी ओठांवर आलेली ओळ त्यानं गिळली, ती आधीच वाचून झाली होती. संत्र्याचा भाव नवा होता. तो वाचला तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "लुटून राहिले!" बाकीच्यांनी हुंकार दिला. हेमंतचंही तेच मत होतं, पण बोलायची सोय नव्हती.

घसा कोरडा पडला. एकदा खोकला आला... बाकं पुढं आली. शेवटी समोरचं बाक गुडघ्यांना टेकलं, बाजूची दोन खुर्चीच्या हातांना. पाय काढायला जागा उरली नाही. पेपरचं शेवटचं पान चालू होतं.

तेवढ्यात रस्त्यावर माणूस दिसला. कुल्फीवाला. खिडकीच्या गजांशी येऊन आत पाहू लागला.

हाक मारायची म्हणजे वाचन थांबवायचं. हेमंतनं पेपरातून डोकं न काढता, त्याच सुरात वाचलं.

"सौसर, आजची खबर. येथील वाचनालयात एक तरुण कोंडला गेला असून बाहेर उभ्या असलेल्या भावानं ताबडतोब मुकुंदभाऊंना बोलावून आणावं, अशी त्यानं कळकळीची विनंती केली आहे."

कुल्फीवाल्यानं लक्ष देऊन ऐकलं.

"अरे बापरे," तो म्हणाला. "काय काय घडून राहिलं जगात." आणि पेटी डोक्यावर घेऊन निघून गेला.

हेमंत पुढची ओळ शोधू लागला.

मग पहिल्या बाकावरून, अगदी काळजीनं...

"मंग? सुटला काय तो?"

हेमंतच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अजून... नाही," तो म्हणाला.

"च्... च्... च्..."

चारही बाकांवरून. सगळ्यांना वाईट वाटलं होतं. मनापासून. पण बाक एक बोटही मागं गेलं नाही.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आजोबांचं दुसरं घर कोणतं. ते कुठंच गेले नव्हते. वाचायला बसले होते, आणि उठायला मिळालं नव्हतं. आज मिळालं, कारण नातू येऊन दारात उभा राहिला.

जयश्रीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. लग्नाच्या दिवशी ती हार घेऊन उभी आहे आणि नवरदेव सौसरमध्ये ट्रॅक्टरच्या जाहिराती वाचतो आहे...

शेवटची ओळ आली. छापखान्याचा पत्ता. तोही त्यानं वाचला. पिनकोडसकट.

संपलं.

बाकं करकरायला लागली...

आणि कुलूप उघडलं.

दारात विनायक गुरुजी. ते वाचनालयाच्या समितीवर होते, दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. जावई काय दिवे लावतो ते पाहायला आले होते. हातात कुठलंसं मासिक.

हेमंतला मदत मागायची होती, पण तोंडातून बातमीच्या सुरातच निघालं, "विनायक गुरुजी यांचे आगमन झाले असून, झाले असून, त्यांनी जवळ येऊ नये, येऊ नये असे..."

"हे काय वाचणं आहे?" गुरुजी कडाडले. "स्वल्पविराम उधार आणलेत काय? आणि बाकं काहून ओढली अशी? उठा. वाचायचं कसं ते ऐका."

ते खुर्चीशी आले, मासिक उघडलं आणि उभ्यानंच वाचू लागले. खणखणीत.

हेमंतच्या गुडघ्यांवरचा भार गेला. समोरचं बाक मागं सरलं होतं. तो उठला. गुरुजी मोकळ्या खुर्चीत बसले. बाकं त्यांच्याभोवती नीट, अदबीनं जुळली.

हेमंत दारापर्यंत गेला. बाहेर पाऊल टाकलं. ऊन लागलं, आणि उन्हाचं त्याला आयुष्यात पहिल्यांदा कौतुक वाटलं.

मग त्यानं वळून पाहिलं.

गुरुजी वाचत होते. पण चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत होते. त्यांना आता समजलं होतं. ओठ चालू, आणि डोळे...

तो परत आत गेला, त्यांचा दंड धरून ओढलं. गुरुजी हलले नाहीत. झाडाला ओढावं तसं. हेमंत मुकुंदभाऊंच्या घराकडे पळत सुटला.

दोघं परत आले तेव्हा विनायक गुरुजी वाचनालयाच्या पायरीवर बसले होते. घसा पार बसला होता. रांजणातलं पाणी पीत होते.

"कसे सुटले जी?" हेमंतनं विचारलं.

"एक जण आला," गुरुजी कुजबुजले. "तिशीतला असेल. तोंडवळा तुमचाच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, उठा गुरुजी, पोरीचं लग्न आहे न तुमच्या. आणि बसला."

आतून आवाज येत होता का? मुकुंदभाऊ म्हणतात, नाही. हेमंत म्हणतो, मुकुंदभाऊंनी पायरीशी येण्याआधीच कानांवर हात ठेवले होते.

गुरुजी थोड्या वेळानं म्हणाले, "तिथीचं राहू द्या. पत्ता लागला." मग पुन्हा पाणी प्यायले. "तुमच्यापेक्षा वाचन चांगलं आहे त्याचं."

साखरपुड्याचा दिवस तिथंच पायरीवर ठरला.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लग्नात हसत हसत सांगितली असती.

हेमंत संध्याकाळी पांढुर्ण्याला पोचला. मोतीरामकाका दुकानात नुसते बसले होते. समोर उघडलेलं चाक, हात कोरडे. हेमंतनं अजून काही सांगितलंही नव्हतं.

"दुपारी एक पोट्टा आला होता," काका म्हणाले. "तुझ्याहून जरासा मोठा. पायात जुन्या वहाणा. सौसरहून विचारत विचारत आलो म्हणे. तिथं उभा राहून मले पाहून राहिला. म्या म्हटलं, काय पायजे? तर हसला. म्हणते, 'मोती, समोरचे दात आले काय रे तुझे?'"

हेमंत समोर येऊन बसला.

"मले वाटलं मस्करी करून राहिला. दारू पिऊन आला असन. मले कोणी मोती म्हणत नाई आता. म्या पाना उगारला त्याच्यावर. दुकानाच्या खाली हाकलला."

"मग?"

"काही बोलला नाई. आपली ती जुनी सायकल आहे न, तिच्यावरून हात फिरवला अन् गेला." काकांनी चाक फिरवलं, थांबवलं. "हेमंत, मी सहा वर्षांचा होतो तेव्हा माझे समोरचे दात पडले होते बे."

हेमंतनं मग सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, असं तो आज म्हणतो.

सौसरची ती दुपार दोन-तीन तासांची. पांढुर्ण्याला बसनं जाऊन परत यायलाच तेवढा वेळ लागतो. आजोबांनी ते कसं जमवलं, कोणाला माहीत. एवढा वेळ मोकळे होते, आणि एवढ्या वेळात एकदाच मुलाला पाहिलं, आणि मुलानं पाना उगारला. मग परत जाऊन त्या खुर्चीत बसले.

लग्न झालं. जयश्रीवहिनी आल्या. त्या घरात कोणी पेपर मोठ्यानं वाचायचा नाही, असा नियम झाला. विनायक गुरुजी तर देवाची पोथीसुद्धा मनात वाचायचे.

नियम फक्त मोतीरामकाका पाळत नाहीत.

त्या पावसाळ्यापासून ते रोज दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढतात, पेपर घेतात आणि वाचतात. मोठ्यानं. सावकाश. एकेक शब्द सुटा करून. आधी अडखळायचे. आता नाही अडखळत. सौसरच्या दुपारच्या बसचा टाइम त्यांनी दोनदा विचारला आहे.

गेल्या आठवड्यात हेमंतदादा डबा घेऊन गेला, तर काकांनी पेपर खाली केला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं...

"माझा आवाज कसा वाटते रे?"

"खराब आहे, बाबा," हेमंतदादा म्हणाला. "कोणी ऐकणार नाही."

काकांनी मान हलवली. घोटभर पाणी प्यायले. आणि पुढचं पान उघडलं.