गप्प टेकडीतली शीळ

त्या संध्याकाळी लेना क्लूतीला काम एवढंच होतं, की दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट नोलोथ गावाच्या वरच्या अंगाच्या वाळूच्या टेकडीवर बसायचं आणि बेडकांची शीळ टिपायची. लाडवाएवढे गोल बेडूक, तोंडं कायम रुसलेली. पण हे दुर्मिळ बेडूक इथे आहेत हे सरकारला ऐकवलं, तर हिऱ्यांच्या खाणीची यंत्रं टेकडीवर चढणार नव्हती. टेकडीच्या पोटाशी लेनाच्या आईची कबर होती, म्हणून तिचा हा सगळा आटापिटा.

सोबत आब्राम होता, मावशीचा मुलगा. मावशी गेल्यावर लेनानंच त्याला वाढवलं होतं. बेडकांच्या जागा तिनं जन्मात त्या एकालाच दाखवल्या होत्या.

समुद्रावरून धुकं चढलं. कुजक्या शेवाळाचा वास आला. लेनानं हेडफोन चढवला आणि लांबुडका माईक हळूहळू फिरवू लागली. माईक जिकडे धरावा तिकडचाच आवाज कानात येतो. टेकडी मात्र गप्प.

"एवढं धुकं पडलंय, आज तर कान किटायला हवेत," ती पुटपुटली.

"झोपले असतील मेले. चल ना ताई, घरी जाऊ."

माईक फिरता फिरता आब्रामवरून गेला, आणि तिच्या कानात शीळ घुमली. एक, मग दुसरी, मग सगळा घोळकाच. माईक बाजूला नेला की गप्प. परत त्याच्यावर धरला की तोच कल्लोळ.

"खिशात काय लपवलंयस?"

"काही नाही गं..."

तिनं त्याचे खिसे उलटे केले. रिकामे. पण त्याच्या नखांत ओली वाळू गच्च भरली होती. तिनं त्याचा हात सोडला नाही.

"खाणीवाल्यांनी ट्रकवर कायमची नोकरी दिलीय, ताई," तो खाली बघत म्हणाला. "टेकडी गप्प हवी म्हणाले. दुपारी उकरून काढले सगळे... समुद्रात टाकले."

"केसानं गळा कापलास रे माझा! परक्यानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं."

तिला रडू फुटलं. तिनं हेडफोन त्याच्या कानांवर दाबला आणि माईक त्याच्या छातीवर रोखला.

"ऐक आता."

आब्राम ऐकत राहिला. त्यानं ओठ घट्ट मिटले, मग दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"थांबत नाहीयेत गं..."

तेवढ्यात लेनाचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. त्याच्या टाचा वाळू मागे सारत होत्या, एकदा डावी, एकदा उजवी. बेडूक असेच पाठमोरे वाळूत शिरतात. तो गुडघ्यांपर्यंत आत गेला होता.

"आब्राम, पाय थांबव!"

"मी नाही हलवत... ताई, हात दे..."

तिनं हात पुढे केला. तेवढ्यात आईची कबर डोळ्यांसमोर आली आणि हात जागीच थबकला. क्षणभरच. मग तिनं झेप घेतली, पण हातात नुसता हेडफोन आला.

ती दोन्ही हातांनी उकरत सुटली. नखं तुटली. खाली ओली वाळू, आणखी वाळू.

शेवटी तिनं हेडफोन घातला आणि माईक वाळूवर टेकवला.

खालून एकच जण शीळ घालत होता. त्याला ती अजून नीट जमत नव्हती.