कोरा ठेवलेला डावा हात

साताऱ्याच्या मोटारस्टँडवर अंजनाच्या बोटांतून चहाची बशी निसटली आणि सगळा चहा शेजारच्या फौजी तरुणाच्या बुटांवर सांडला.

त्यानं बुटांकडे पाहिलंच नाही. तिच्या बोटांकडे पाहिलं. "पांढरीफटक पडल्यात की. बधिर व्हत्यात?"

"थंडीत रक्तच पोचत नाही... पायांच्या बोटांतही," ती ओशाळून म्हणाली. "आणि उद्या सांगलीच्या कॉलेजात प्रयोग करून दाखवायचाय. काचेच्या नळीची तोटी फिरवून रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडायचं. मागच्या खेपेला नळीच फुटली. उद्याही फुटली, तर नोकरी मिळायची नाही."

तो मानसिंग. पाटणचा, ब्रह्मदेशच्या लढाईतून नुकताच परतलेला. तिथल्या फौजी इस्पितळात एका चिनी डॉक्टरच्या हाताखाली तो सुया टोचायला शिकला होता. "गारठलेल्या बोटांस्नी लय गुण यायचा. बगायचं का?"

अंजनानं सोबतच्या राहीबाई आत्याकडे पाहिलं.

"मोटारीला येळ हाय," आत्या म्हणाली. "पर सुया उकळून घे रं बाबा."

हॉटेलवाल्याच्या आधणात सुया उकळल्या. बी.एस्सी. झालेल्या अंजनाचे डोळे चमकले. "फक्त उजव्या हाताला टोचा. डावा कोरा ठेवायचा. नाहीतर तुलना कशाशी करणार?"

"तुमी म्हनाल तसं."

केसासारखी बारीक सुई अंगठ्याच्या बेचक्यात शिरली. मुंगी चावल्यासारखं झालं, मग मनगटापर्यंत काहीतरी जडसं, गोडसं पसरत गेलं... मान खाली घालून तो सुई हलकेच फिरवत होता. पापण्या केवढ्या दाट—

"लाली आली," ती पुटपुटली. "आता डावा बघू."

डावाही गुलाबी झाला होता.

"असं कसं? डाव्याला तर काहीच केलं नाही."

"आगं," आत्या म्हणाली, "पयली सुई टोचल्यापासनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरून बसलीयास. सोड की आता."

अंजनाच्या कानांच्या पाळ्यासुद्धा लाल झाल्या.

"मग गुण कशाचा म्हनायचा?" मानसिंगनं हसू दाबलं.

"सांगता येत नाही. प्रयोग बिघडला."

"मीबी सांगलीलाच निगालोय. सकाळी कॉलेजच्या फाटकाशी थांबतो... सुया घेऊन."

सकाळी तो खरंच उभा होता. गारठा मी म्हणत होता. तिची बोटं पुन्हा पांढरी. त्यानं डबी उघडली.

"सुया नकोत," अंजना म्हणाली. "काल दोन कारणं मिसळली. आज एकच तपासायचं." आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

त्यानं ते ओंजळीत घेतले.

आत, प्रयोगशाळेत, तोटी तिच्या बोटांखाली अलगद फिरली. थेंब... थेंब... आणि चंबूतलं पाणी एकाएकी गुलाबी झालं.

ती धावतच बाहेर आली. "मिळाली नोकरी."

"आन प्रयोगाचं?"

"एकदाच करून काही सिद्ध होत नाही. रोज करावा लागेल."

"थंडी सरंपत्तूर?"

"उन्हाळ्यातसुद्धा," अंजना म्हणाली. "तुलना नको?"