पंप बदलला त्या गुरुवारी

सकाळची शाळेच्या बसची फेरी आटोपून मी साडेआठला घरी आले, कॉफी ठेवली, आणि लक्षात आलं की घर अगदी गप्प आहे. मार्च महिन्यात आमच्या भागात घर गप्प असणं बरं नव्हे. बर्फ वितळत असतं, वरून पाऊस असतो, आणि तळघराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात बसवलेला पंप दर चार मिनिटांनी घरघरून आत झिरपलेलं पाणी बाहेरच्या चरात फेकत असतो. ओहायोचा हा सगळा कोपरा म्हणजे पूर्वीची दलदल. लोकांनी चर खणले, जमिनीखाली नळ्या घातल्या, शेतं केली, घरं बांधली. पाण्याला ते अजून पटलेलं नाही.

खाली जाऊन बघितलं. पाणी खड्ड्याच्या काठापासून चार बोटं खाली होतं आणि पंप साफ मेला होता.

एरवी मी चार शिव्या हासडून टॉवेल अंथरले असते. पण त्या दिवशी दुपारची फेरी मी दुसऱ्या चालकाला दिली होती, कारण तीन वाजता काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बालकल्याण खात्यातून मिस ट्रुएट घर बघायला येणार होती. माझी नात पेस्ली, वय वर्षं सहा, चौदा महिने खात्याने नेमून दिलेल्या परक्यांच्या घरात राहत होती. तिची आई म्हणजे माझी लेक. ती कुठे आहे ते मला विचारू नका, मलाही नेहमी ठाऊक नसतं. पोर माझ्याकडे द्यावी म्हणून मी अर्ज केला होता. वर झोपायची एकच खोली, म्हणून पोरीची खोली तळघरात केली होती. मोठी खिडकी बसवून घेतली, भिंतींना पिवळा रंग दिला, पलंगावर माझ्या आईची गोधडी घातली. नियम असा की पोराच्या खोलीत ओल दिसता कामा नये. दिसली तर पुढची पाहणी सहा महिन्यांनी. आणि तोवर पोरगी कुणाची होऊन बसेल, कुणी सांगावं?

प्लंबरला फोन केला. म्हणाला, सगळ्या गावाची तळघरं भरलीत, सोमवारी बघू. मग शेजारच्या शेतावरच्या लेलंडला फोन केला. ऐंशी वर्षांचा आहे, गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही, पण जीभ अजून धडधाकट आहे.

"अगं वेल्मा, तासाभराचं काम ते," तो म्हणाला. "चाळीस फुटी बस चालवतेस आणि बादलीएवढ्या पंपाला घाबरतेस होय?"

साडेनऊला दुकानातून पंप आणला, फळीवरचा शेवटचा. पाइप, वळणावर लावायचा एल्बो, सांधे चिकटवायच्या सोल्युशनचा डबा, आणि वर चढलेलं पाणी परत खाली येऊ न देणारा व्हॉल्व्ह. लेलंडने फोनवर तीनदा बजावलं होतं की व्हॉल्व्हवरचा बाण वरच्या बाजूला हवा, आणि पंपाच्या वरच्या पाइपला एक बारीक भोक पाडायला विसरू नको, नाहीतर हवा अडकते आणि पंप नुसता गुरगुरत बसतो.

आमच्याकडे घरात काही दुरुस्त करायला बसलं की आधी घराच्या मागच्या मालकाला शिव्या द्यायच्या, ही रीतच आहे. माझा मागचा मालक एल्डन नॉफझिगर. चार वर्षांपूर्वी मला घर विकून बायकोबरोबर फ्लोरिडाला गेला. खुशाल आहे, दिवसभर पत्ते कुटतो. पण काय एकेक करून ठेवलंय! एका पाइपला तीन जातींचे तुकडे, एक पट्टी सरळ नाही. पाइपवर त्याने काळ्या शाईने पंप बदलल्याच्या तारखा लिहिल्या होत्या, एकाखाली एक चार. तेवढं ठीक, तसं सगळेच लिहितात. त्यांच्याखाली मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, गाळ चिमट्याने काढा, हाताने नको. आणि शेजारी खिळ्याला खरोखरच हातभर लांबीचा लोखंडी चिमटा टांगलेला. मी मोठ्याने हसले. म्हटलं, एवढा पुरुषासारखा पुरुष, आणि चिखलात हात घालायची किळस!

प्लग काढला, करवतीने पाइप कापला, अंगावर पाणी घेत जुना पंप बाहेर ओढला. तो निघाल्यावर खड्ड्यातून वास आला. कुजल्याचा नव्हता. नुकत्याच नांगरलेल्या जमिनीला असतो तसा, फक्त थंड आणि फार जुना. बादलीने पाणी उपसलं तरी पुन्हा भरत होतं. तळाला खडे आणि गाळ साचलेला, त्यातच जुना पंप अडकून मेला होता. तो काढल्याशिवाय नवा पंप सरळ बसला नसता. चिमट्याने दोन-दोन खडे काढत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. मी बाही वर केली, जमिनीवर पालथी पडले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

पहिल्यांदा मूठभर खडे काढले, बादलीत टाकले. दुसऱ्यांदा हात तळाला पोचायच्या आधीच खडे हातावर आले. मी उचलले नव्हते. कुणीतरी ओंजळभर खडे माझ्या तळहातावर ठेवले, आणि माझी बोटं एकेक करून त्यांच्यावर मिटवली.

मी तशीच पडून राहिले. वरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. भीती वाटली, का नाही वाटणार. हात काखेपर्यंत गार पडला. पण एक वाजत आला होता, तीनला ती बाई येणार होती, आणि खडे तर काढायलाच हवे होते. मी मूठ वर आणली, बादलीत रिकामी केली, आणि हात परत आत घातला. पुन्हा खडे आले. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी हात रिकामाच राहिला, आणि कुणीतरी तो दोनदा हलकेच थोपटला. झालं, आता संपलं, असं सांगावं तसा.

आता माझी चूक सांगते. आमच्याकडे कुणी आपल्यासाठी दुकानाचं दार उघडं धरलं तरी माणूस थँक्यू म्हणतो, आणि कुणी गाडीला धक्का मारून दिला तर त्याला घरी या म्हटल्याशिवाय सोडत नाही. ते तोंडातच बसलेलं असतं, त्याला विचार लागत नाही. हात पुसत मी खड्ड्याकडे बघून म्हणाले, "थँक्यू हं. तुम्ही होता म्हणून झालं. कधीही या."

त्यानंतर पाणी वाढायचं थांबलं. नवा पंप विटेवर ठेवला, पाइपला भोक पाडलं, व्हॉल्व्हचा बाण वर आहे ना ते दोनदा बघितलं, सोल्युशन लावून सांधे धरून ठेवले. या सगळ्याला तासभर लागला आणि पाणी तिथल्या तिथे उभं होतं. मी प्लग लावला तेव्हाच ते हललं. पंपाने एका दमात पाणी वर फेकलं. मी फरशी पुसली, पंखा लावला, अंघोळ केली, आणि तीनला दहा मिनिटं असताना केसांत कंगवा फिरवत दारात उभी राहिले.

मिस ट्रुएट तरुण मुलगी, चेहऱ्याने बरी, कागदांचा गठ्ठा छातीशी धरून चालणारी. वरचं घर बघून झाल्यावर ती खिडकीचं माप घ्यायला एकटीच तळघरात गेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खालून बोलण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, फोनवर असेल. वर आली ती हसत.

"मिसेस स्टकी, खालच्या गृहस्थांचं नाव अर्जात नाहीये," ती म्हणाली. "घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव लागतं. बोटांचे ठसे लागतात."

त्या एका क्षणात माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगत नाही. खाली कुणी नाही म्हणाले असते तर तिला वाटलं असतं, मी माणूस लपवतेय. लपवणाऱ्या बाईला पोर मिळत नाही.

"पंपासाठी आलेत ते," मी म्हणाले. "आज जातील."

"ते तसं नाही म्हणाले. इथेच राहतो म्हणाले." तिने कागदावर काहीतरी खूण केली. "खरं सांगू? बरंच आहे ते. तुम्ही पहाटे साडेपाचला बसवर जाता, तेव्हा मुलीजवळ कोण, हाच तुमच्या अर्जातला प्रश्न होता. त्यांना म्हणावं, सोमवारी ऑफिसात येऊन ठसे देऊन जा. आणि टॉवेल द्या हो त्यांना... फार भिजलेत."

ती गेल्यावर मी जिन्यावरून खाली बघितलं. कुणी नव्हतं. पलंग जसाच्या तसा, फरशी कोरडी. पंप चार मिनिटांनी सुरू झाला, बंद झाला.

संध्याकाळी मी एल्डनला फोन लावला. आधी हवापाण्याचं बोललो. मग म्हटलं, पंप बदलला.

"चिमट्याने काढलास ना गाळ?"

"नाही. हाताने काढला."

मागे टीव्ही चालू होता, तो त्याने बंद केलेला मला ऐकू आला. "बोललीस काही?" त्याने विचारलं, आवाज खाली आणून.

"थँक्यू म्हटलं... आणि, कधीही या म्हटलं."

पलीकडे त्याने खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"आमच्या घरात पोर नव्हतं, वेल्मा," तो म्हणाला. "म्हणून आमचं निभावलं..." आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर मी केलेला एकही फोन त्याने उचललेला नाही.

मी सोमवारी कुणाला कुठे पाठवलं नाही. पाठवणार तरी कुणाला? अर्ज बुडाला असं धरून चालले. अकराव्या दिवशी काउंटीचं पत्र आलं. अर्ज मंजूर. घरातील प्रौढ व्यक्ती, दोन. पहिलं नाव माझं. दुसरं नाव सात-आठ अक्षरांचं होतं, सगळी आपली नेहमीचीच अक्षरं, पण ती एकापुढे एक वाचून तोंडातून काढायची कशी तेच कळेना. बोटांचे ठसे, घेतले. गुन्ह्याची नोंद, नाही. या पत्त्यावर किती वर्षं राहता, या रकान्यात माझ्यापुढे चार लिहिलं होतं. त्याच्यापुढे एकशे एक्केचाळीस. माझं घर बांधलं एकोणीसशे एकसष्ट साली.

मी मिस ट्रुएटला फोन करून तो आकडा विचारला. ती म्हणाली, टायपिंगची चूक असेल, दुरुस्त करते. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ते आले होते का ठसे द्यायला.

"सोमवारी ऑफिस उघडलं तर दारात तेच पहिले," ती म्हणाली. "किती सभ्य माणूस! फक्त नंतर आम्हाला फरशी पुसावी लागली."

पत्राखाली मी सही करून दहा दिवसांत परत पाठवायचं होतं. नाहीतर मंजुरी रद्द. मी ते पत्र फ्रीजवर लावलं आणि आठ दिवस त्याच्यासमोर उभं राहून जेवले. एल्डनचे शब्द डोक्यातून जात नव्हते. पण मागच्या भेटीत पेस्लीने मला विचारलेलंही जात नव्हतं, की आजी, तुझ्या घरात माझी जागा झाली का? नवव्या दिवशी मी सही केली. पुन्हा विचारलं तर पुन्हा करीन. बरोबर केलं असं मी म्हणत नाही.

पोर शनिवारी आली. पहिला आठवडा मी तिला पहाटे उठवून बसमध्येच घेऊन गेले, माझ्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून. दुसऱ्या सोमवारी तिला ताप भरला, एकशे तीन. बदली चालक मिळाला नाही, आणि रस्त्यावर एक्केचाळीस पोरं थंडीत उभी राहणार होती. मी तिला औषध दिलं, जिन्यात येऊन उभी राहिले, आणि अंधारातल्या त्या तळघराला उद्देशून म्हणाले, "मी तीन तासांत येते."

बस कशी चालवली ते आठवत नाही. परत आले तर ताप उतरला होता. तिच्या कपाळावर ओल्या कापडाची घडी होती, चार पदरी, कडेला कड नीट जुळवलेली. असलं कापड माझ्या घरात नाही. पोर शांत झोपली होती.

तेव्हापासून मी तिला पहाटे उठवत नाही. आता जून लागलाय. तिकडे ती रोज रात्री किंचाळून उठायची म्हणे, इथे एकदाही उठली नाही. गालांवर जरा मांस चढलंय. परवा मी जिन्याच्या वरच्या पायरीवर धुतलेले कपडे घेऊन उभी होते, आणि खालून तिने कुणाला तरी हाक मारली. पत्रातलं ते नाव मला अजून उच्चारता येत नाही. तिला येतं.