जाळं पुन्हा पाण्यात

रामघाटापासून नावेपर्यंत मी मोजणीचा दोर ताणला होता. त्यावर झेंडूच्या रंगाचे तरंगते गोळे. टप्प्याटप्प्यानं कासवं मोजायची होती. तेवढ्यात शेजारच्या नावेतल्या बाईंनी हात जोडले आणि चक्क मंगलगीत सुरू केलं.

वल्ही मारणारा त्यांचा मुलगा हसला. "अम्मा, ये माला नहीं है." मग मला, मराठीत — "लग्नाचा नवस फिटला की आम्ही गंगेला या काठापासून त्या काठापर्यंत माळ घालतो. नवरदेव कुठंय, मॅडमजी?"

"प्रयोगशाळेत. बाटलीत ठेवलाय."

"मग टिकेल."

हा विश्वेश निषाद. मराठी शिकला घाटामागच्या आमच्या मराठी गल्लीतल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळताना.

कासवांसाठी नदीचा हा पट्टा राखीव झाला आणि बाराही महिने जाळं टाकायला बंदी आली. पद्माकाकींचं, म्हणजे त्याच्या आईचं, घर मासळीवर चालायचं. आता दिवाळीनंतर विश्वेश सुरतेला गिरणीत जाणार होता. बंदी सैल करायची की नाही, हे आमच्या पाहणीवर ठरणार होतं.

उन्हाळाभर मी त्यांच्याच नावेतून हिंडले. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"माझ्यासाठी खोटं लिहू नकोस," एकदा तो म्हणाला.

"तुझ्यासाठी? फार समजतोस स्वतःला."

"थोडंसं... समजू दे ना."

मी नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या. अंडी फक्त पलीकडे, रामनगरच्या काठावरच्या वाळूत होती. तेवढी वाळू कायम राखावी, बाकी नदी विणीचे महिने सोडून मोकळी करावी, असं लिहिलं. जाळ्यात कासव अडकलं तर हे लोक स्वतःचं जाळं कापतात, हेही लिहिलं. बंदीआधी घाटावरून पाहिलं होतं मी.

दिवाळीच्या तोंडावर परवानगी आली. पहिल्याच जाळ्यात एक रोहू फडफडला. विश्वेशनं तो माझ्यासमोर धरला.

"पहिला मासा आम्ही गंगेला परत देतो. घरच्या बाईनं सोडायचा."

"काकी आहेत की."

"आईनंच सांगितलंय..." तो अडखळला. "वैदिक ब्राह्मणांच्या घरची तू. हात लावशील?"

पद्माकाकी मुद्दाम पलीकडे बघत होत्या. कुणाकुणाचे आभार मानावेत — नदीचे, कासवांचे, की या माउलीचे?

मी दोन्ही हात पुढे केले. मासा थंडगार, केवढा जोर त्याच्या अंगात... विश्वेशचे हात माझ्या हातांखाली तसेच होते.

"सोड ना," मी म्हटलं.

"मासा की हात?"

"मासा."