बंद खोलीतली पिवळी पूड

खोलीत एक दार, एक खिडकी, एक विजेची भट्टी. खिडकीला गज आणि गजांवर बारीक जाळी. फळीवर झिंक ऑक्साइडचे चार डबे, त्यांतले तीन सीलबंद. शेजारी गंधकाची एक बरणी. खिळ्याला एक लांब चिमटा आणि एकच जाड हातमोजा; दुसरा टेबलाखाली पडलेला. टेबलावर पोलादी तबक, तबकात पांढऱ्या पुडीचा पातळ थर.

मास्तरीणबाईंनी हे सगळं दोनदा मोजलं. पंधरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवून त्यांनी खासगी तपासाचा धंदा धरला, तरी नाव जुनंच चिकटून राहिलं होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भावोजी, मागे उभे राहून वहीत टिपत होते.

"हातमोजे दोन," भावोजींनी लिहिलं.

"एक खिळ्याला, एक जमिनीवर," बाई म्हणाल्या. "तसंच लिहा."

कारखाना लहान होता. तान्ह्या बाळांच्या पुरळावरचं पांढरं मलम इथे बनायचं आणि मुलांच्या दवाखान्यात जायचं. मलम कालवणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणत. अठरा वर्षं हे काम त्यांच्या हातात होतं आणि आज संध्याकाळी ते सुटणार होतं. मालकांनी तसं सांगून टाकलं होतं, मग स्वतःलाच चैन पडेना म्हणून मास्तरीणबाईंना बोलावलं होतं.

हकिगत मालकांच्या पुतण्याने सांगितली. सकाळी दहा वाजता तो खोलीत डोकावला, तर तबकातली पूड पिवळीधमक. बाळांच्या मलमात गंधक! त्याने दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, दारवान नानांना तिथेच बसवलं आणि पलीकडच्या इमारतीतून काकांना आणायला गेला. साडेदहाला कुलूप उघडलं, तेव्हा पूड पांढरीशुभ्र होती.

"म्हणजे मधल्या वेळात आक्कांनी ती बदलली," पुतण्या म्हणाला. "नानांचा डोळा लागला असेल. आणि अठरा वर्षांत दुसरी किल्ली करून घेणं काय अवघड आहे?"

"गंधकाचा वास आला होता?" बाईंनी विचारलं.

त्याने आठवून पाहिलं. "वास नव्हता. पण रंग मी या डोळ्यांनी पाहिला."

"पाहिला असणार," बाई म्हणाल्या. भावोजींनी चमकून वर पाहिलं.

मालकांकडे सांगण्यासारखं फार नव्हतं. दार उघडताच अंगावर गरम हवा आली, एवढंच ते म्हणाले. पण डोकं तापलं होतं, त्यामुळे तसं वाटलं असेल.

आक्का शेजारच्या खोलीत मेण वितळवत होत्या. हात थांबला नाही, आवाजही चढला नाही. पूड चारशे अंशांवर भाजायची, साडेनऊला भट्टी बंद करायची, आणि भट्टीचं दार उघडायचं ते थेट संध्याकाळी, सगळं निवल्यावर. अठरा वर्षांत हा नेम मोडला नव्हता.

"आज तबक बाहेर कोणी काढलं?"

"मला वाटलं, धाकट्या मालकांनी, मालकांच्या पुतण्याने. त्यांना दवाखान्याच्या माणसाला माल दाखवायचा होता ना."

भावोजींनी सहज विचारलं, की या पुडीत एवढं आहे तरी काय. तेव्हा मात्र आक्कांची कळी खुलली. जस्त हवेत जळलं की उरते ती ही पूड, त्या सांगू लागल्या. बाळाच्या ओल्या कातडीवर हीच, उन्हात खेळणाऱ्यांच्या नाकावर हीच, चित्रकाराच्या पांढऱ्या रंगात, जखमेच्या चिकटपट्टीत, गाडीच्या टायरातसुद्धा हीच.

"माझ्या नातवाच्या मलमातली पूड याच तबकातली," त्या म्हणाल्या. "त्यात मी गंधक घालीन?"

नाना दाराशी स्टुलावर बसले होते. कुलूप लागल्यापासून मुंगीसुद्धा आत गेली नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं. बाई त्यांच्याशी बोलत होत्या, पण पाहत होत्या त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे. अंगठ्याला पांढरं मलम लावलेलं होतं.

बाई पुन्हा खोलीत गेल्या. गंधकाच्या बरणीच्या झाकणावर धुळीचा अखंड थर होता. भट्टीच्या उष्णतेचा काटा अजून एकशे ऐंशी अंशांवर. तबक उचललं, तर खाली टेबलाचं लाकूड तबकाच्याच आकारात करपलेलं. बाईंनी त्यावर नख ओढलं. नख काळं झालं.

"जुना डाग असेल," भावोजी म्हणाले.

"जुना डाग नखाला लागत नाही, भावोजी. सगळ्यांना बोलवा. आणि आक्कांकडून गॅसची शेगडी, एक पातळ ताटली आणि तराजू आणा."

सगळे जमले. बाईंनी आक्कांना तबकातली वीस ग्रॅम पूड तोलून घ्यायला सांगितली. ती ताटलीत पसरून शेगडीवर ठेवली.

"पूड बदलायला दुसरी पूड लागते," त्या म्हणाल्या. "तीन डबे सीलबंद आहेत. चौथ्यातून आक्कांनी सकाळी किती काढली?"

"दोन किलो," आक्का म्हणाल्या. "वहीत आहे. डबा तोलून बघा."

"सगळे जमेपर्यंत मी तोच तोलला. बरोबर दोनच किलो कमी आहे. बरं, गंधकाच्या बरणीला आज कोणी हात लावलेला नाही. आणि चारशे अंशांच्या भट्टीत गंधक टिकत नाही, पेटतो, सगळी इमारत खोकत बाहेर पळाली असती. म्हणजे पिवळी पूड आत आली नाही आणि बाहेरही गेली नाही."

"मग मी पाहिलं ते काय?" पुतण्याने विचारलं.

"ताटलीकडे पाहा."

पूड कडेपासून पिवळी होत चालली होती. थोड्याच वेळात ती लिंबाच्या सालीसारखी झाली. आक्का दोन पावलं पुढे आल्या.

"झिंक ऑक्साइड खूप तापलं की पिवळं होतं, निवलं की पुन्हा पांढरं," बाई म्हणाल्या. त्यांनी चिमट्याने ताटली फरशीवर उतरवली. "अठरा वर्षांत आक्कांना हे दिसलं नाही, कारण त्या नेमाने निवल्यावरच भट्टी उघडतात. आज कोणीतरी तबक गरम असताना काढलं. लाकूड करपलं, खोली तापली. त्या माणसाला हातमोजा जेमतेम एक घालता आला, दुसरा पडला. अंगठा भाजला आणि त्यावर इथलंच मलम लावलं."

मग नाना स्टुलावरून उठले.

"धाकटे मालक रोज आक्काला बोलायचे, माल उशिरा देते म्हणून," ते म्हणाले. "म्हटलं, आधी काढून ठेवली तर लवकर निवेल. बाहेर काढली तर पिवळी. मला वाटलं, माझ्याच हातून करपली. बाळांचं औषध नासवलं मी. तोंड उघडायची छाती झाली नाही. आक्का, तुझ्यावर आलं तेव्हा तरी बोलायला हवं होतं."

आक्कांनी त्यांचा हात धरून अंगठा उजेडात वळवून पाहिला. "मलम पातळ लावलंय," त्या म्हणाल्या. "आणि आधी गार पाणी घ्यायचं असतं, एवढंही कळत नाही का?"

पुतण्याने खिशातून किल्ली काढली आणि आक्कांच्या पुढ्यात ठेवली. "चूक माझी झाली, आक्का. विचारायला हवं होतं मी." मालक म्हणाले की ही किल्ली यापुढे आक्कांकडेच राहील आणि दवाखान्याचा माल उद्या जाईल, नेहमीसारखा, निवल्यावर.

"मग मी संध्याकाळी जायचं नाही ना?" आक्कांनी विचारलं.

"जायचं," मालक म्हणाले. "घरी. आणि उद्या सकाळी यायचं."

फरशीवरच्या ताटलीतला रंग आता विटत आला होता. सगळे वाकून पाहत राहिले, भावोजी तर गुडघ्यांवर बसून. कडा आधी उजळल्या, मग मध्य. आक्कांनी हाताची पाठ ताटलीजवळ धरून ती गार झाल्याची खात्री केली, पूड कुंचल्याने झाडून तराजूत घेतली आणि वहीत लिहिलं.

तापवण्याआधी: पांढरी, वीस ग्रॅम. निवल्यावर: पांढरी, वीस ग्रॅम.